थेंबातली सुई प्रोटीनची की मिठाची? फ्लुओरेसंट रंगाने ओळखण्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे २० किलोडाल्टनचं प्रोटीन आहे, त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल एकदाही येत नाही. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) साध्या पॉलिस्टायरिन प्लेटमध्ये सिटिंग ड्रॉप लावलेत, म्हणजे प्रोटीनचा छोटा थेंब स्फटिक आणणाऱ्या द्रावणाच्या साठ्याशेजारी (रिझर्व्हॉयरशेजारी) बंद जागेत ठेवलाय. दोन-तीन वेलमध्ये बारीक सुया दिसतात, बाकी बऱ्याच वेलमध्ये करडा गाळ. सुया प्रोटीनच्या आहेत की मिठाच्या (म्हणजे थेंबातल्या कुठल्याही क्षाराच्या) हे फ्लुओरेसंट रंगाने कसं ठरवायचं, कोणता रंग किती घालायचा, आणि त्याने स्फटिक किंवा एक्स-रे डेटा बिघडतो का?

आधी हे ध्यानात घ्या की फ्लुओरेसन्स ‘इथे स्फटिक आहे’ असं सांगत नाही, ‘इथे प्रोटीन दाटीने बसलंय’ एवढंच सांगतो. प्रोटीनच्या स्फटिकात साधारण निम्मं आकारमान पाण्याचं असतं. उरलेल्या निम्म्यात प्रोटीनची घनता दर मिलिलिटरला १.३५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे स्फटिकाच्या आत दर मिलिलिटरला अंदाजे ६७५ मिलिग्रॅम प्रोटीन भरलेलं असतं, आणि बाहेरच्या थेंबात फार तर १०. जवळजवळ ६७ पटींचा फरक. प्रत्येक रेणूमागे रंगाचं प्रमाण सारखं असेल तर स्फटिक थेंबापेक्षा तितकाच उजळ दिसायला हवा, गाळ मधेच कुठेतरी, आणि मिठाचा स्फटिक काळा. सगळी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे. म्हणूनच रंग प्रोटीनलाच पक्का जोडलेला असणं महत्त्वाचं. थेंबात नुसता सोडलेला रंग कुठे जाऊन बसेल हे त्याच्या मर्जीवर असतं.

तुमच्या प्रोटीनसाठी यूव्हीचा मार्ग बंदच आहे. २८० ते २९५ नॅनोमीटरच्या प्रकाशात जी निळसर चमक दिसते ती मुख्यतः ट्रिप्टोफॅनची. ते नसेल तर टायरोसिनचा मिणमिणता सिग्नल उरतो. इन्सुलिनमध्येही ट्रिप्टोफॅन नाही, तिथेही हीच अडचण. शिवाय पॉलिस्टायरिन हा प्रकाश स्वतःच शोषून घेतं, त्यामुळे यूव्ही आरपार जाऊ देणारी वेगळी प्लेट आणि वेगळी चिकटपट्टी लागते. आणि पुन्हापुन्हा यूव्ही मारल्यावर डायसल्फाइड बंध तुटतात हे वेगळंच.

मेथिलिन ब्ल्यू हा जुना रंग. तो फ्लुओरेसन्ससाठी नव्हे, साध्या डोळ्यांनी पाहण्यासाठी वापरतात. प्रोटीनच्या स्फटिकातल्या पाण्याच्या वाटांतून तो आत शिरतो आणि स्फटिक भोवतालापेक्षा गडद निळा होतो. मिठाच्या स्फटिकात अशा वाटा नसतात. स्वस्त आहे, चालतो, पण थेंब कायमचा वाया जातो. दाट मिठाच्या थेंबात जास्त पडला तर स्वतःच सुयांच्या रूपात बाहेर येतो. तुमचा प्रश्नच सुयांचा असल्यामुळे मी तो टाळेन.

उरतो एएनएस, म्हणजे १-अॅनिलिनोनॅप्थॅलिन-८-सल्फोनेट. पाण्यात तो जवळजवळ विझलेला असतो, प्रोटीनच्या जलविरोधी खोबणीत बसला की पेटतो. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या एलईडीने उजळा, ४६० ते ५०० मध्ये पाहा. तयार थेंबात अंतिम मात्रा ०.१ मिलिमोलरपासून सुरुवात करा. पण तो रिझर्व्हॉयरच्याच द्रावणात पातळ करून घाला, नाहीतर नुसत्या पाण्याच्या एका थेंबानेही सुया विरघळतात आणि मग ‘रंगाने स्फटिक मारला’ अशी समजूत होते. एएनएसची खरी गोम अशी की उलगडलेलं, बिघडलेलं प्रोटीन त्याला चांगल्या घडीच्या प्रोटीनपेक्षा जास्त आवडतं. त्यामुळे निरुपयोगी गाळ झगमगतो आणि शेजारचा उत्तम स्फटिक फिका राहतो. डिटर्जंटचे मायसेल (रेणूंचे बारीक गोळे), आणि स्फटिक आणण्यासाठी घालतात ती एमपीडी, काही पीईजी यांसारखी द्रव्यं, यांतही पार्श्वभूमी वर चढते. लावून झालेल्या प्लेटसाठी दुसरं काही हाताशी नसेल तर एएनएस घ्यावा, आणि ‘चमकला नाही’ याचा अर्थ ‘प्रोटीन नाही’ असा लावू नये. पेशीच्या पडद्यातल्या प्रोटीनसाठी काही जण नाइल रेड सुचवतात. लिपिड किंवा डिटर्जंट असेल तिथे तो सगळंच लाल करून ठेवतो.

तुमच्याकडे शंकास्पद वेल दोन-तीनच आहेत. तेव्हा त्याच परिस्थिती पुन्हा लावणं सोपं, आणि या वेळी प्रोटीनला अगदी किंचित रंग जोडून. जोडीला त्याच रिझर्व्हॉयरवर प्रोटीनशिवाय नुसत्या बफरचा थेंबही लावा. तिथेही सुया आल्या तर बाकी काही करायची गरजच नाही. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम एका बाजूला आणि फॉस्फेट दुसऱ्या बाजूला असेल, तर अशा सुया मिठाच्या निघण्याची शक्यता फार. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट अल्कधर्मी थेंबात एकत्र आले की सुंदर, धारदार, फसवे स्फटिक येतात.

आता रंग जोडण्याची रीत. अमेरिकेत हंट्सव्हिलच्या मार्क प्युसी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत रुळवली. हजारातल्या एक-दोन रेणूंनाच रंग जोडायचा, बाकी प्रोटीन कोरं ठेवायचं.

रंग निवडताना कार्बॉक्सिरोडामिन ६जीचा सक्सिनिमिडिल एस्टर, म्हणजेच एनएचएस एस्टर, घ्या. तो ५२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि ५५५ च्या आसपास प्रकाश देतो, आणि स्क्रीनमध्ये (तपासायच्या द्रावणांच्या संचात) येणाऱ्या पीएचच्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सारखाच चमकतो. फ्लुओरेसिन फ्रिजमध्ये पडलेलं असतं म्हणून तेच वापरण्याचा मोह होतो. पण त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा, ६.४ च्या आसपास आहे. पीएच ४.६ च्या अॅसिटेट थेंबात ते विझतं आणि पीएच ८.५ च्या थेंबात भडकतं. मग तुम्ही प्रोटीन नव्हे, पीएच मोजत बसता.

एस्टर मोकळ्या अमाइनवर जाऊन बसतो, म्हणजे लायसिनवर आणि साखळीच्या एन-टोकावर. म्हणून बफरमध्ये दुसरं अमाइन चालत नाही. ट्रिस नको, ग्लायसिन नको, शुद्धीकरणातून उरलेलं अमोनियम सल्फेट नको. निकेल कॉलमवरून उतरलेलं इमिडॅझोल राहिलं असेल तर एस्टर पाण्याने लवकर फुटतो, तेही काढा. ७ किलोडाल्टनच्या छोट्या डिसॉल्टिंग स्पिन कॉलममधून प्रोटीन ५० मिलिमोलर हेपीस, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ७.५ ते ८ या बफरमध्ये आणा. पीएच खालच्या बाजूला ठेवण्यामागे कारण आहे. एन-टोकाच्या अमाइनचा पीकेए ८ च्या जवळपास, लायसिनचा १०.५ च्या. खालच्या पीएचला रंग एन-टोकाकडे जास्त झुकतो. ते टोक बहुधा लवचीक असतं आणि स्फटिकातल्या रेणू-रेणूंच्या संपर्कात क्वचित येतं.

हिशोब असा. प्रोटीन १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, २० किलोडाल्टन, म्हणजे ०.५ मिलिमोलर. १०० मायक्रोलिटरमध्ये ५० नॅनोमोल. ०.२ टक्के म्हणजे ०.१ नॅनोमोल रंग. रंगाचं रेणुभार सुमारे ५५६. १ मिलिग्रॅम रंग ३६० मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवला की ५ मिलिमोलरचा साठा होतो. त्यातला थोडा भाग डीएमएसओमध्येच ५० पट पातळ केला की १०० मायक्रोमोलर. त्याचा १ मायक्रोलिटर म्हणजे नेमका ०.१ नॅनोमोल. तो १०० मायक्रोलिटर प्रोटीनमध्ये घातला की डीएमएसओ फक्त १ टक्का होतं, आणि तेही पुढच्या कॉलममध्ये निघून जातं.

रंगाचा थेंब नळीच्या भिंतीवर सोडून नंतर मिसळू नका. टोक द्रावणात बुडवून सोडा आणि लगेच पिपेटने चार-पाच वेळा वरखाली करा. नाहीतर जिथे थेंब पडला तिथले रेणू दोन-तीन रंग घेऊन बसतात आणि बाकी कोरे राहतात. खोलीच्या तापमानाला ५ ते १० मिनिटं पुरतात. प्रोटीन नाजूक असेल तर बर्फावर अर्धा तास. मग दुसऱ्या डिसॉल्टिंग कॉलममधून तुमच्या नेहमीच्या साठवणीच्या बफरमध्ये आणा. तो बफर ट्रिसचा असेल तर उत्तम, उरलेला एस्टर ट्रिस खाऊन टाकतं.

सगळं प्रोटीन दोनदा कॉलममधून काढायला जीव धजत नसेल तर त्याचा दहावा भाग वेगळा काढा, त्याला २ टक्के रंग जोडा आणि उरलेल्या नऊ भागांत परत मिसळा. इथपर्यंत ठीक. मात्र थोड्या प्रोटीनला भरपूर रंग, म्हणजे रेणूमागे एक-दोन, जोडून ते पाचशे पट पातळ करायचं, हा आडमार्ग चुकीचा. असे रंगाने लादलेले रेणू स्फटिकाच्या जाळीत बसत नाहीत, बाहेरच राहतात. मग प्रोटीनचा खरा स्फटिक काळा दिसतो आणि थेंब उजळ.

मात्रा नीट पडली का हे ५२५ नॅनोमीटरला शोषण मोजून पाहा. ०.५ मिलिमोलर प्रोटीनवर ०.२ टक्के म्हणजे १ मायक्रोमोलर रंग. रंगाचा मोलर शोषणांक लाखाच्या आसपास असल्याने १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.१ च्या जवळ आकडा यायला हवा. ०.०५ आला तरी चालतं, थोडा एस्टर पाण्याने फुटणारच. ०.०१ आला तर रंग मेलेला होता किंवा बफरमध्ये अमाइन राहिलं होतं. एक मायक्रोलिटरवर मोजणाऱ्या यंत्रांत प्रकाशाची वाट १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे तिथला हा आकडा गोंगाटातच जातो.

रंग मरण्याचं सगळ्यात साधं कारण ओलावा. एनएचएस एस्टरचं अर्धायुष्य पीएच ७ ला, ० अंशाला ४ ते ५ तास असतं, पीएच ८.६ ला ४ अंशाला जेमतेम १० मिनिटं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा गोव्यात उणे २० मधली कुपी काढून लगेच उघडली की आत दव धरतं आणि त्या दवानेच साठा संपतो. कुपी सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. साठ्याचे ५ मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा, एकदा वितळलेला भाग परत ठेवू नका. १०० मायक्रोमोलरचा पातळ साठा तर रोजच नवा करा. डीएमएसओ १८.५ अंशाला गोठतं, हेही लक्षात असू द्या. एसी जोरात असलेल्या खोलीत पिपेटमध्ये घट्ट वाटलं तर त्याचं कारण तेच.

‘जास्त रंग म्हणजे जास्त चमक’ हा विचार इथे उलटतो. तुमच्या प्रोटीनच्या स्फटिकात रेणूंची संहती सुमारे ३४ मिलिमोलर. त्याच्या ०.२ टक्के म्हणजे ६७ मायक्रोमोलर रंग. ५० मायक्रॉन जाडीच्या स्फटिकात तो ०.०३ एवढाच प्रकाश शोषतो, म्हणजे स्फटिक आरपार सारखा उजळतो. ५ टक्के रंग जोडला तर स्फटिकातली संहती १.७ मिलिमोलरवर जाते. शोषण ०.८ च्या घरात पोचतं, मागचा भाग अंधारात राहतो, आणि जवळजवळ आलेले रंगरेणू एकमेकांची चमक मारतात. थेंबातला पातळ रंग मात्र नीट चमकत राहतो. म्हणजे फरक वाढण्याऐवजी घटतो.

पाहण्यासाठी फार महाग यंत्र लागत नाही. स्टिरिओ मायक्रोस्कोप, ५२० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवा एलईडी, त्याच्यापुढे ५४० च्या वरचं सगळं अडवणारा फिल्टर, आणि कॅमेऱ्यापुढे ५६० च्या वरचंच सोडणारा फिल्टर. एलईडीपुढचा फिल्टर वाचवू नका. एलईडीच्या प्रकाशाची शेपटी पिवळ्यापर्यंत जाते आणि तीच प्लेटच्या प्रत्येक ओरखड्यावरून परावर्तित होऊन ‘चमक’ म्हणून दिसते. प्रकाश तिरका टाका. रोडामिनसाठीचा तयार फिल्टर संच असेल तर तो चालतो, फक्त सिग्नल थोडा कमी मिळतो. रंगाला हिरवा प्रकाश पुरत असल्याने साधं पॉलिस्टायरिन आणि साधी चिकटपट्टी इथे अडत नाही, हा तुमच्यासाठी मोठा फायदा.

एक्सपोजर हाताने ठरवा. कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर सगळ्यात जास्त फसवतं. ते रिकाम्या थेंबाला ओढून ताणून उजळ करतं आणि चांगल्या स्फटिकाला दाबतं, आणि दोन्ही चित्रं सारखी दिसतात. एखादा स्वच्छ, पारदर्शक थेंब करडा दिसेल इतका वेळ ठेवा आणि तोच सगळ्या प्लेटला लावा. प्लेट लावली त्याच दिवशी एकदा संपूर्ण चित्रीकरण करून ठेवा. पहिल्या दिवशीच असलेला उजळ ठिपका म्हणजे कचरा किंवा आधीचा गाळ, स्फटिक नव्हे. पुढे १, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी पाहिलं की पुरतं. प्रत्येक वेळी तेवढ्याच वेलचं साध्या प्रकाशातलं चित्रही घ्या, कारण दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय होत नाही.

आता सुयांबद्दल. साधा मायक्रोस्कोप थेंबाची सगळी खोली एकाच चित्रात बेरजेने दाखवतो. थेंब २०० मायक्रॉन खोल आणि सुई ५ मायक्रॉन जाड असेल, तर सुईतला रंग ५ गुणिले ६७, म्हणजे सुमारे ३३५ मायक्रॉन थेंबाएवढा. तेव्हा सुईची जागा भोवतालापेक्षा ६७ पट नव्हे, अडीच-पावणेतीन पटच उजळ दिसणार. सुई १ मायक्रॉनची असेल तर फरक जेमतेम एक-तृतीयांश. बारीक सुया ‘फारशा चमकल्या नाहीत’ म्हणून मिठाच्या ठरवून टाकणं ही नेहमीची चूक आहे. निकष असा ठेवा: भोवतालापेक्षा उजळ असेल, थोडी का होईना, तर प्रोटीन. भोवतालापेक्षा काळी असेल तर मीठ. मिठाच्या स्फटिकाच्या कडा प्रकाश वाकवून चमकतात, पण पोट काळंच असतं. म्हणून कड नव्हे, पोट पाहा. स्फटिक वाढत गेला की थेंबातलं प्रोटीन कमी होतं, पार्श्वभूमी उतरते आणि फरक आपोआप वाढतो. संशय असेल तर आठवडाभर थांबा.

मिठाचा स्फटिक कधी चमकतो? त्याच्या पृष्ठभागावर प्रोटीनचा थर बसला की. अशा वेळी बारीक सुईने तो फोडा. तुटलेला ताजा भाग आतूनही उजळ असेल तर प्रोटीन. फोडताना कडकन आवाजासारखा झटका हाताला जाणवला तर बहुधा मीठ. प्रोटीनचा स्फटिक मऊ, भुगा होणारा असतो. पीईजी आणि मीठ वेगळे होऊन प्रोटीनने भरलेले गोल थेंब तयार झाले तर तेही झगझगीत दिसतात. कडा एकसारख्या गोल आणि ध्रुवित प्रकाशात अंधार, यावरून ओळखा. टिश्यू पेपरचे तंतू निळ्या-जांभळ्या प्रकाशात सुयांसारखे चमकतात, त्यामुळे एएनएस वापरलात तर या तंतूंनी हमखास फसाल. हिरव्या प्रकाशात हा त्रास बराच कमी.

आणि प्रोटीनचा स्फटिक काळा कधी राहतो? स्क्रीनमधलं कोबाल्ट, निकेल, तांबं किंवा आयोडाइड चमक मारतं तेव्हा. प्रोटीनमध्ये हीम (हिमोग्लोबिनातला लोह असलेला रंगीत गट) असेल तेव्हा. रंग जोडलेला लायसिन नेमका स्फटिकाच्या जाळीतल्या संपर्कात असेल तेव्हा, म्हणजे ते रेणू आत घेतलेच जात नाहीत. किंवा प्रोटीएजने (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने) एन-टोक कापून टाकलं आणि उरलेल्या तुकड्याचा स्फटिक झाला असेल तेव्हा. हे शेवटचं कारण वाटतं त्याहून जास्त वेळा खरं निघतं. तो स्फटिक धुऊन जेलवर चालवा, पट्टी खाली सरकलेली दिसेल आणि पुढच्या रचनेसाठी प्रोटीन कुठे छाटायचं हेही कळेल.

पद्धत तुमच्या हातात चालते का हे आधी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमवर तपासा. तसाच रंग जोडा, मग ते ५० मिलिमोलर सोडियम अॅसिटेट, पीएच ४.५ मध्ये २० ते ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवा. रिझर्व्हॉयरमध्ये त्याच बफरबरोबर ४ ते ८ टक्के सोडियम क्लोराइड. एक-दोन दिवसांत स्फटिक येतात. ते चमकले नाहीत तर दोष प्रकाशयोजनेत किंवा रंगात आहे, तुमच्या प्रोटीनमध्ये नाही.

करड्या गाळाच्या वेलकडेही याच चित्रांत नीट पाहा, माझ्या मते या पद्धतीचा खरा लाभ तिथेच आहे. साध्या प्रकाशात सगळा गाळ सारखाच दिसतो. फ्लुओरेसन्समध्ये काही वेल एकसारखे मंद असतात, त्यांना सोडून द्या. काहींत मंद गाळात अणकुचीदार, तीव्र उजळ ठिपके असतात. ते लहान स्फटिक असू शकतात. त्या थेंबातलं द्रावण रिझर्व्हॉयरमध्ये शंभर ते हजार पट पातळ करून बीज म्हणून वापरा, आणि नव्या थेंबात प्रक्षेपक (प्रोटीनला द्रावणाबाहेर ढकलणारं द्रव्य) १० ते २० टक्क्यांनी कमी ठेवा. मात्र गाळाचा जाड ढीगही एकूण बेरजेने उजळ दिसतो, तेव्हा उजेडाबरोबर ठिपक्याचा धारदारपणाही हवा.

एक्स-रे डेटाचं म्हणाल तर पाचशे रेणूंत एकाला रंग, तोही एन-टोकावर आणि वेगवेगळ्या लायसिनवर विखुरलेला. इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात त्याचा मागमूस दिसत नाही. विवर्तनाच्या टोकावर, म्हणजे डेटा किती बारीक तपशिलापर्यंत मिळतो त्यात, फरक पडल्याचं दिसलं तर आधी रंगाची मात्रा मोजा, बहुतेक ती १ टक्क्याच्या वर गेलेली असते. तरी काळजी वाटत असेल तर रंगीत प्लेट फक्त परिस्थिती शोधायला वापरा आणि इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरच्या (तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावरच्या) पीएक्स-बीएल२१ बीमलाइनला न्यायचे स्फटिक कोऱ्या प्रोटीनचे वाढवा.

पुढे कधी दोन प्रोटीनचं संकुल लावलंत तर प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा एस्टर जोडा, एकाला हिरवा, दुसऱ्याला टेक्सास रेड. दोन्ही फिल्टरमध्ये स्फटिक उजळला तरच त्यात दोघंही आहेत. पण हिरव्याचा प्रकाश लाल फिल्टरमध्ये थोडा गळतोच. म्हणून फक्त हिरवा जोडलेला एक आणि फक्त लाल जोडलेला एक थेंब शेजारी लावा, म्हणजे गळती किती ते कळतं आणि तेवढी वजा करता येते.